दादाची भाकणूक आणि माझी

१२ फेब्रुवारी, सांगली

आज पेपरात माझा फोटो आला. शिव्या द्यायला का होईना, आला. 'भाकणुकीची टिंगल : सांगलीच्या लेखकावर वाडी-वस्तीवर संताप.' फोटो जुना आहे, केस आहेत त्यात.

चार विज्ञान कादंबऱ्या लिहिल्या मी. पहिलीत मंगळावर ऊस लावला, दुसरीत कृष्णा उलटी वाहवली, तिसरीचं नाव बायकोला, शालनलासुद्धा धड सांगता येत नाही. कुपवाडच्या फाउंड्रीत दिवसभर कास्टिंग तपासायचं आणि सुट्टी आली की भविष्यकाळ लिहायचा, असं सगळं आयुष्य गेलं. धनगराचा पोरगा असून विज्ञानकथा लिहितो म्हणून दोन-चार सत्कार झाले, शाली मिळाल्या. पुस्तकं मात्र प्रकाशकाच्या माळ्यावरच राहिली. आणि आता ही चौथी, 'कोरड्या नक्षत्रांचा प्रदेश', संपत आली म्हणे! दुसरी आवृत्ती काढायची चाललीय.

गोष्ट साधी आहे. साल २१२५. माणदेशात आभाळयंत्र बसलंय, पाऊस कुठल्या बांधावर पडणार ते आधीच सांगतं. तरी यात्रेत बिरोबापुढं उभं राहून वर्षाचं पाऊसपाणी, म्हणजे भाकणूक, सांगणारा म्हातारा अजून टिकून आहे. एका यात्रेत तो भर गर्दीत कबूल करतो, की माझ्या अंगात देव यायचा केव्हाच थांबला, मी मनानंच बोलतोय. गाव त्याला त्याच्या घोंगडीसकट माळावर हाकलून देतं आणि तिथं तो उपाशी मरतो. शेवटचं प्रकरण लिहिताना मी रडलो होतो, हे खरं आहे.

शालननं पेपर वाचून घडी घातली. म्हणाली, "दादांना पुस्तक दिलंत का?"

"दादा कुठं वाचतो?"

"वाचत नसतील. पण तुमच्या वाडीची भाकणूक तेच सांगतात ना?"

मी म्हटलं, चहा निवला. तो निवलाच होता, तसाच प्यालो.

१६ फेब्रुवारी

वाडीवरून हंबीररावांचा फोन. आमची वाडी म्हसवडच्या पुढं. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन परतले, आता यात्रा कमिटीचे अध्यक्ष आहेत. आवाज अजून परेडचाच.

"धनाजी, पुस्तक वाचलं रं. भाकणुकीचं सोड, त्यात काय नवं न्हाई. पर शेवटाला काय लिवलंयस? आमी असं करू व्हय?"

मी म्हणालो, "सुभेदार, श्रद्धेला धक्का लागला असेल तर..."

"श्रद्धा गेली चुलीत! मी काय इचारतोय? आमी असं करू व्हय?"

मी फोन ठेवला. देवाचं नाव निघालं की यांची डोकी बंद होतात, मग काय बोलायचं? प्रकाशकांना सांगितलं तर ते खूश. म्हणाले, अशा धमक्या येतील त्या लिहून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडतात.

लिहून ठेवली. ही धमकी होती का, ते मात्र नीटसं ठरत नाही.

२३ फेब्रुवारी

वहिनींचा फोन. चंद्राबाई वहिनी म्हणजे केरबादादाची बायको. कधी फोन करत नाहीत, त्यामुळं आधी वाटलं कुणी आजारीबिजारी पडलं.

"भावजी, ह्यांनी तुमचं पुस्तक म्हसवडातनं मागवलंय. अपेक्षा सांजच्याला वाचून दावतीया."

अपेक्षा दादाची नात. पोरगी हुशार, वाचते खणखणीत. नको तिथं हुशारी.

"काय म्हणतो दादा?"

"बोलत न्हाईत काय. ऐकत्यात. मधीच म्हणत्यात, परत वाच."

"कुठवर आलंय?"

"त्यो म्हातारा देवळाकडं निघालाय बगा."

म्हणजे दोनच प्रकरणं राहिली.

पण मी कशाला घाबरू? मी सगळं बदललंय. दादा ताडमाड उंच, पुस्तकातला म्हातारा बुटका. दादा तंबाखू खातो, त्याला मी विडी ओढायला लावली. दादाची नजर घारीची, त्याचा एक डोळा अधू केला. एवढं केल्यावर कोण ओळखेल? शालनला हे सांगितलं तर म्हणाली, "मेंढराला दुसरा रंग लावला म्हणून धनगर त्याला ओळखायचा राहतो होय?"

तिला कुणी सांगितलं होतं बोलायला?

१ मार्च

दोन दिवस फाउंड्रीत चांगला माल नापास करतोय. पोरं वैतागली आहेत. जे डोक्यात फिरतंय ते इथं तरी उतरवतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत वाडीला गेलो होतो. दादानं मेंढरं एका रानात बसवली होती, मी सहज तिकडं गेलो. दादा एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "धना, अंगात वारं यायचं बंद झालंय. लय सालं झाली. ढोल वाजतोय, भंडारा उडतोय आन् मी नुसता हुबा. मग मनानंच बोलतो. मुंग्या बघतो, बाभळीच्या शेंगा बघतो, रेडिओ ऐकतो आन् बोलतो. लोक त्याच्यावर पेरत्यात. मी काय करू रं?"

हे त्यानं दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण शिकलेला मी. मी शिकावं म्हणून मेंढरामागं तो गेला आणि शाळेत मी गेलो.

आणि मी काय केलं? घड्याळात बघितलं. शेवटची एसटी चुकेल म्हणून. 'बघू' असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. म्हसवड सुटायच्या आत पहिलं प्रकरण डोक्यात तयार होतं.

आता लेखक दुसरं काय करणार? सुचतं ते लिहिणार. मी त्याचं वाईट केलं नाही. त्याचं दुःख मोठं केलं, शंभर वर्षं पुढं नेलं. हे वाक्य मुलाखतीसाठी चांगलं आहे.

९ मार्च, सातारा

साताऱ्यात एका वाचनालयात माझं भाषण झालं. हॉल भरला होता. माझ्यासाठी हॉल भरतो हेच अजून पचत नाही.

प्रश्नांच्या वेळी मेढ्याहून आलेल्या एक बाई उठल्या. शांतपणे म्हणाल्या, "सर, त्या म्हाताऱ्याला हाकलून देणारी माणसं तुम्ही कुठं पाहिलीत?"

मी म्हणालो, "बाई, झुंड कुठलीही असो, झुंडच असते. तिला देव हवा असतो, माणूस नको असतो."

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. त्या बाई मात्र उभ्याच होत्या, जणू माझं उत्तर अजून यायचं होतं. मग कुणीतरी माइक पुढं नेला.

परतताना कराडच्या अलीकडं चहा प्यायला थांबलो, तेव्हा फोनवर बातमी आलेली: 'यात्रेकरू म्हणजे झुंड.' मी असं म्हणालो नव्हतो. म्हणजे असंच म्हणालो होतो, पण असं नाही.

१८ मार्च

वहिनी पुन्हा. या वेळी आवाज बसलेला.

"पुस्तक संपलं, भावजी. तवापास्नं हे देवळाकडं फिरकलं न्हाईत. धड जेवत न्हाईत. यात्रेला उभा ऱ्हाणार न्हाई म्हणत्यात."

"का?"

"लोक हाकलत्याल म्हणत्यात. मी म्हटलं कोण हाकलतंय? तर म्हणत्यात, धनानं लिवलंय."

मी खुर्चीवर बसलो. शालन स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातानं उभी होती, तिनं काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

वाडीत भाकणूक झाल्याशिवाय कुणी बियाणं आणत नाही, बोअर मारत नाही, पोरीचं लग्न धरत नाही. दादा उभा राहिला नाही तर नुसता एक म्हातारा रुसला असं होत नाही. आणि दादाचं काय? बापानंतर भाकणुकीला उभं राहायची ती घोंगडी त्याच्याकडं आली. त्याला दुसरं काय येतं? मेंढरं आणि ही घोंगडी, एवढंच त्याचं आहे.

माझ्यामुळं. लिहून बघितलं. खोडावंसं वाटतंय, पण खोडत नाही.

२२ मार्च, वाडी

रजा टाकून आलो. मोटरसायकलवरच आलो, एसटीत लोक ओळखतील म्हणून. कसले ओळखतायत! ढालगावपर्यंत तर कुणी ढुंकून बघितलं नाही.

दादा अंगणात चातीवर लोकर कातत होता. वाळलाय. मला बघून म्हणाला, "ये. जेवलास का?"

मी लगेच सुरू झालो. कादंबरी म्हणजे कल्पना, पात्र म्हणजे खरा माणूस नव्हे, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं. चाती थांबली नाही.

"तुला पुढचं दिसतंय," तो म्हणाला. "शंभर वर्सानं काय हुईल ते लिवतोस. मग ह्या साली काय हुईल ते दिसलंच आसंल तुला."

"दादा, अरे ते सगळं मनानं लिहिलेलं असतं."

"मग मी काय करत हुतो गड्या?"

मी चातीवरच्या धाग्याकडं बघितलं.

"मीबी मनानंच सांगतोय. तरी लोक पेरत्यात. मग तुझं खोटं कसं मानू? तू तर शिकल्याला."

"तुला कुणी हाकलणार नाही, दादा."

"मग लिवलंस कशाला?"

वहिनींनी भाकरी वाढली. दादानं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मग तो म्हणाला, "घरात बसून तर किती दिस बसू? आन् खोटं घिऊन तरी किती सालं हुबा ऱ्हाऊ? यंदा खरं सांगून टाकतो. हाकललं तर हाकललं. पर तू माझ्या मागं हुबा ऱ्हा. घोंगडीच्या मागं, हात मागं केला तर लागशील आसा. ऱ्हाशील?"

"राहीन."

"आईची आण?"

"आईची आण, दादा."

त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. मला तर फारच बरं वाटलं.

निघताना वहिनी गाडीपाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "देव येत न्हाई ह्ये मला ठावं हाय, भावजी. लय दिसापास्नं. ह्यास्नी वाटतंय कुणाला कळलं न्हाई."

बायकोची गोष्ट वेगळी. बायकोला कळतंच. गर्दीला कळलं तर काय होईल, ते मी लिहिलंय.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. प्रकाशकांचा फोन आला, शुभेच्छा राहिल्या बाजूला. म्हणाले, "यात्रेला जाताय ना? फोटोग्राफर पाठवतो. काही गडबड झाली तर फोटो हवेत."

मी 'बरं' म्हणालो. का म्हणालो देव जाणे. म्हणजे नेहमीसारखंच म्हणालो.

शालननं ऐकलं. कडुनिंबाची चटणी माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "तुम्ही दादांच्या मागं उभे राहणार, की फोटोग्राफरच्या पुढं?"

"दादाच्या मागं. आण घेतलीय."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

५ एप्रिल, वाडी

हे जमेल तसं लिहितोय. अजून सगळीकडं भंडारा आहे, कागदाला पिवळी बोटं लागतायत.

उन्हं चढायच्या आत देवळापुढचं पटांगण भरलं. पुढं बायका, मागं पागोटी, कडेला पोरं. ढोल आणि कैताळाचे टाळ सुरू. दादा घोंगडीवर आला. मी त्याच्या मागं उभा होतो. होतो, खरंच होतो. त्यानं एकदा मान वळवून मला बघूनही घेतलं.

मग कुणीतरी म्हणालं, "ह्योच व्हय त्यो, पुस्तकवाला?" चार डोकी वळली. हंबीररावांनी माझ्याकडं रोखून बघितलं. बस्स, एवढंच. कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. आणि मी एक पाऊल मागं सरलो. मग आणखी एक. पाणी पिऊन येतो, असं मीच मला सांगितलं. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी माझी मोटरसायकल होती. तिथवर पोचलो तेव्हा किल्ली माझ्या हातात होती.

ढोल थांबला. दादाचा आवाज आला. तो घुमत नव्हता, कापत नव्हता, घरात बोलतो तसाच होता.

"मी केरबा बोलतोय. देव बोलत न्हाई. लय सालं झाली, देव माझ्या अंगात येत न्हाई. मी मनानं सांगत आलोय. ह्या घोंगडीवर खोटा हुबा ऱ्हायलोय. आता काय करायचं ते करा."

मी किल्ली गाडीला लावली. हे मी केलं.

दादाचा उजवा हात मागं गेला. चाचपडत गेला. मागं कुणी नव्हतं. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यानं तो धोतराला पुसला. एवढ्या लांबून मला ते स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दगडाबाईचा आवाज आला. वाडीतली सगळ्यात म्हातारी, दादालाही तिनं उघडा-नागडा खेळताना बघितलेलं.

"ते ठावं हाय. पावसाचं सांग."

दादाला कळलं नाही. "आं?"

"आरं, देव येत हुता तवा तुझं पाय एका जागी ठरत नव्हतं. आता खांबागत हुबा असतोस. आमी आंधळी हाय व्हय? आमाला कवाच कळलंय. देव येईल तवा येईल, तू तर येतोस न्हवं? सालभर माळ तुडवतोस, आभाळ बघतोस, आमच्यासाठी बघतोस. ऊन लागाय लागलंय बाबा. पावसाचं सांग!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचं हसलं. मग सगळं पटांगण हसलं, बायका तोंडाला पदर लावून, बापये मोकळे. दादाही हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हंबीरराव ओरडले, "आरं बघताय काय, ढोल धरा की!"

दादानं डोळे पुसले आणि सांगितलं, "मिरीग बरा हाय. तरणा फशिवील. म्हातारा सांभाळील." तरणा म्हणजे पुनर्वसूचा पाऊस, म्हातारा म्हणजे त्यापुढचा, पुष्याचा. ज्वारीचं सांगितलं, मेंढरांच्या रोगाचं सांगितलं, पोरांनी गाड्या सावकाश चालवाव्यात हेही सांगितलं. प्रत्येक बोलाला 'चांगभलं' होत होतं आणि भंडारा उडत होता.

मी किल्ली काढून खिशात घातली. रसवाला म्हणाला, "पावनं, रस देऊ का?" मी रस प्यालो. काहीतरी करायला पाहिजे होतं.

फोटोग्राफर शेजारी येऊन म्हणाला, "सर, काहीच झालं नाही हो." तो खरोखर हिरमुसला होता.

६ एप्रिल

सकाळी दादा मेंढरं सोडायच्या गडबडीत होता. काल जेवला, दोन भाकरी खाल्ल्या म्हणे. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, तो विचारेल. 'कुठं हुतास रं?' मी उत्तरंही जुळवून ठेवली होती, तीन-चार.

त्यानं दुसरंच विचारलं.

"धना, तुझ्या त्या म्हाताऱ्याला माळावर कुणीच भाकरी न्हेली न्हाई?"

"नाही."

"आख्ख्या गावात एक बाई न्हवती?"

मी आठवून बघितलं. आभाळयंत्र होतं. उडत्या गाड्या होत्या. मंत्री होते, शास्त्रज्ञ होते, दगड घेतलेली माणसं होती. भाकरी नेणारी एकही बाई नव्हती. मला सुचलीच नाही. मी याच वाडीत वाढलो, दगडाबाईच्या हातचं कोरड्यास-भाकरी खाऊन शाळेत गेलो, आणि मला ती सुचली नाही.

"मी तुला सांगितलं ते तू लिवलंस, त्याचं काय न्हाई," दादा म्हणाला. "ते गुपितच नव्हतं म्हणं. पर मला माझ्याच माणसांचं भ्या घातलंस रं. दगडाबाई रस्त्यानं दिसली तरी मी आत सरायचो. म्हाताऱ्या बाईला भ्यालो मी."

तो हे रागानं बोलला नाही. आणि मेंढरं घेऊन निघाला. 'कुठं हुतास' हे त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही. दोन-चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

वहिनींनी वाटेत खायला भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. वाटेत भूक लागली, पण ते फडकं सोडवेना. मध्ये थांबून प्रकाशकांना फोन केला, शेवटचं प्रकरण बदलायचंय म्हणालो. ते म्हणाले, "मग वाद कशावर होणार? आहे तेच राहू द्या, पुढच्या पुस्तकात बघा." मी 'बरं' म्हणालो.

घरी आल्यावर गाठोडं शालनपुढं ठेवलं. तिनं ते सोडलं, भाकरी चतकोर मोडून माझ्या ताटात ठेवली.

"सगळं नीट झालं ना?"

"झालं."

"दादांच्या मागं उभे राहिलात ना शेवटपर्यंत?"

मी हो म्हणालो.